मुलांच्या हातची नाताळची आरास



डिसेंबर उजाडला म्हणजे नाशिकची थंडी अंगात भरू लागते. निफाडकडे पारा किती उतरला ह्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, मळ्यांतून द्राक्षांचे घड भरत असतात, आणि दिवाळीत घरोघरी डोललेले आकाशकंदील उतरून माळ्यावर गेलेले असतात. नेमक्या ह्याच सुमारास शरणपूर रस्त्याच्या आसपास आणि नाशिकरोडच्या बाजूस काही घरांच्या ओसरीवर एक नवा दिवा चढतो. तो पाच टोकांच्या चांदणीचा असतो. हाताने केलेल्या अशा चांदणीच्या पोटात डोकावून पाहावे, तो त्याच बांबूच्या कामट्या, तोच पतंगी कागद, तीच खळ आणि तोच दोरा! दिवाळीचा कंदील आणि नाताळची चांदणी ह्या एकाच आईच्या दोन लेकी आहेत, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

चांदणी बाहेर लागते आणि घरात नाताळचे झाड उभे राहते. ते झाड कशाने सजवावे हा प्रश्न हल्ली फार सोपा झाला आहे. बाजारात जावे, चकचकीत गोळे, घंटा, झालरी आणि विजेच्या दिव्यांची माळ आणावी, आणि अर्ध्या तासात झाड उभे करावे. परंतु इतके सोपे झाल्यामुळेच त्या झाडाजवळून एक गोष्ट नाहीशी होऊ लागली आहे. ती म्हणजे लहान मुलांचे हात. मुले झाड पाहतात, टाळ्या वाजवितात, आणि "हात लावू नका, फुटेल" असे ऐकून मागे सरतात. ज्या सणाच्या मध्यभागी एक तान्हे बालक आहे, त्या सणात बालकांनाच हात मागे घ्यावे लागावेत, हे विचार करण्याजोगे आहे.

नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. 'नाताल' म्हणजे जन्म. शब्द परका, पण आता तो इतका घरचा झाला आहे की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. नाशिकशी ह्या सणाचे नाते पुष्कळ जुने आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस ह्यांनी १८५४ च्या सुमारास नाशिकजवळ एक वस्ती वसविली आणि तिला शरणपूर हे नाव पडले. तेथे अनाथ मुले वाढली. अरबी समुद्रातील गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकेची मुलेही पुढे तेथे आणली गेली. त्या मुलांना अक्षरांबरोबर हाताचे कामही शिकवीत असत. त्यांपैकीच जेकब वेनराइट हा एक होता. १८७३ साली मध्य आफ्रिकेत डॉक्टर लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा त्यांचे हृदय जेथे पुरले त्या झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरणारा हात ह्याच जेकबचा होता. पुढे १८७४ मध्ये त्या प्रवाशाच्या देहाबरोबर तो इंग्लंडला गेला. बालपणी हाताला लागलेले वळण कोठे आणि कोणत्या प्रसंगी उपयोगी पडेल, हे कोणी सांगावे?

ह्याच नाशिकच्या शेजारी जलालपूर येथे लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला आणि १९३६ साली नाशिकातच त्यांनी देह ठेवला. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांना महाराष्ट्र 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला भजन, कीर्तन आणि अभंग ह्यांचा मराठी वेष दिला. परदेशातून आलेली वस्तू आपल्या मातीत रुजवावयाची तर तिला आपल्या मातीचे खत घालावे लागते, हे त्यांनी कृतीने दाखविले. गाण्याच्या बाबतीत जे खरे, तेच झाडाच्या बाबतीतही खरे असावयास काय हरकत आहे?

ह्या झाडाचा पूर्वेतिहास पाहिला तर त्याला दुकानातील वैभवाची मुळीच गरज नव्हती, असे आढळते. १६०५ साली स्ट्रासबुर्ग शहरातील घरांतून अशी झाडे उभारीत असल्याचे एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे. त्या झाडांवर काय होते? रंगीबेरंगी कागदांचे गुलाब, सफरचंदे, पातळ पापडीसारखे खाद्य, बेगड आणि साखर. म्हणजे कागद आणि खाऊ! काचेचे गोळे पुष्कळ पुढचे. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातील लाउशा ह्या गावी एकोणिसाव्या शतकात ते फुंकून होऊ लागले, आणि तेथेही सारे घरदार, पोरेबाळे धरून, त्या कामाला लागत असे. १८४८ साली इंग्लंडच्या राणीच्या घरातील झाडाचे चित्र छापून आले आणि ही चाल सर्वत्र फैलावली. १८८२ साली न्यूयॉर्क येथे एडिसनच्या एका सहकाऱ्याने झाडावर प्रथम विजेचे दिवे लावले. त्यानंतर झाड दिवसेंदिवस अधिक झगमगीत होत गेले हे खरे. परंतु आरंभीचा कागदाचा गुलाब सर्वांत वडील आहे, हे विसरता कामा नये.

ह्या परंपरेतील दोन वस्तू तर थेट शाळेतूनच निघालेल्या आहेत. मोरेव्हियन पंथाच्या जर्मनीतील एका शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून कागदाची अनेक टोकांची चांदणी करवून घेत. आज ती जगभर नाताळात टांगतात. दुसरी वस्तू डेन्मार्कमधील विणलेल्या कागदी हृदयाची. दोन रंगांच्या कागदांच्या पट्ट्या चटईसारख्या एकमेकींत गुंतवून त्याची छोटी पिशवी करतात आणि तीत खाऊ भरून ती झाडाला टांगतात. कागदाच्या पट्ट्या विणण्याचा हा उद्योग बालशिक्षणाचे आद्य आचार्य फ्रोबेल ह्यांनी आपल्या बालोद्यानात मुलांना दिलेला होता. तात्पर्य, नाताळच्या झाडाचे आणि बालवर्गाचे नाते सावत्र नाही.

आता नाशिकातील असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. आजी आहे, मुलगा-सून आहेत, आणि तीन नातवंडे आहेत. थोरली नऊ वर्षांची, मधला सहा-साडेसहांचा आणि धाकटी चार वर्षांची. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा सायंकाळ झाली की ह्या घरी असतोच. घरात सुरूची एक फांदी मातीच्या कुंडीत उभी केली आहे. विलायतेतील सूचिपर्णी झाड नाशिकच्या अंगणात उगवत नाही. सुरूच्या बारीक, लोंबत्या हिरव्या काड्या मात्र नाताळच्या कामास उत्तम शोभतात. कुंडीत ओली वाळू ठोकून भरलेली असावी, म्हणजे फांदी मुलांच्या ओढाताणीने कलंडत नाही.

आजीचे पहिले काम खळ शिजविण्याचे. एक वाटी गव्हाचे पीठ किंवा मैदा थोड्या गार पाण्यात कालवावा. गुठळी राहू देऊ नये, कारण पुढे तीच गुठळी कागदावर फोडासारखी उठते. मग चार-पाच वाट्या पाणी हळूहळू घालून मंद आचेवर ढवळीत राहावे. पांढरा रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक झाली की उतरावी. येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पुस्तके बांधणारे लोक किडीपासून रक्षण व्हावे म्हणून खळीत मोरचूद घालतात. लहान मुलांच्या खळीत मोरचुदाचा कणही पडता कामा नये. मोरचूद विषारी आहे, आणि चार वर्षांचे मूल खळीचे बोट तोंडात घालणार नाही असा भरवसा कोणत्याही आजीने धरू नये. मुलांची खळ दोन दिवसांपुरतीच करावी. आंबली की टाकून नवी करावी.

खळ निवाली म्हणजे कामाची वाटणी होते. ही वाटणी मुलांच्या वयाप्रमाणे न केल्यास सायंकाळ रडण्यात संपते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला कात्री देऊ नये. त्याला कागद फाडावयास द्यावा. फाडणे हे नासधुशीचे काम आहे असे मोठ्यांना वाटते, परंतु दोन्ही हातांची चिमूट धरून कागद सरळ फाडणे ही त्या वयाची मोठीच कसोटी आहे. रंगीत तुकडे फाडून ते एका पुठ्ठ्याच्या गोलावर खळीने चिकटवावे. दोऱ्यात ओवून टांगले की एक झगझगीत फळ तयार होते. धाकटीने केलेल्या फळात निळा तुकडा तांबड्यावर अर्धा चढलेला असेल, एका बाजूस पुठ्ठा उघडा राहिला असेल. राहू द्यावा.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी साखळी हे सर्वांत गोड काम होय. वीतभर लांब व दोन बोटे रुंद अशा पट्ट्या मोठ्यांनी कापून ठेवाव्या. एक पट्टी वळवून तिची टोके चिकटवावी, दुसरी तिच्यातून ओवावी, आणि असे कडीत कडी घालीत जावे. खळ थोडी लावावी, आणि मनात दहा मोजेपर्यंत सांधा दाबून धरावा. हे दहा मोजणे म्हणजे अंकगणिताचा न कळत झालेला पाठच आहे. काही घरांत ह्या साखळीचा एक सुंदर उपयोग करता येतो. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज एकच कडी जोडावी. चोवीस कड्या झाल्या की नाताळची पूर्वरात्र आली. "नाताळ केव्हा?" ह्या दिवसातून दहा वेळा येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मूल मग आपल्या बोटांनीच मोजून घेते. काळ लांबत नाही, वाढतो. तो आपण जोडला तसा वाढतो, हे त्याला दिसते.

मधल्या नातवाचा हात डावा आहे. कात्री तो डाव्या हातात धरतो आणि खळही डाव्या बोटाने लावतो. पूर्वीच्या काळी अशा मुलाच्या हातावर छडी बसत असे. आज तरी कोणी ती चूक करू नये. हात डावा असला म्हणून कडी वाकडी होत नाही. बाजारातील कात्री उजव्या हातासाठी केलेली असते, म्हणून त्याला कापणे जड जाते, इतकेच. त्याला पट्ट्या कापून द्याव्या आणि जोडण्याचे काम सोपवावे.

सात-आठ वर्षांपुढील मुलांना घडीचे काम साधते. गोल कागदाची अर्धी घडी घालावी, त्या अर्ध्या गोलाच्या तीन सारख्या घड्या कराव्या, आणि कडांना लहान लहान काप देऊन घडी उलगडावी. सहा पाकळ्यांचे फूल निघते. थंड देशांत ह्यालाच हिमकण म्हणतात, कारण बर्फाच्या स्फटिकाला सहा हात असतात. नाशिकच्या मुलाने आकाशातून पडणारे हिम पाहिलेले नसते. त्याला त्यात उंबऱ्यापुढची रांगोळी दिसते, आणि ती दिसणेच योग्य. झाडावर कापूस पसरून खोटा बर्फ करण्याची चाल तर टाळावीच. एक तर दिव्याजवळ कापूस धोक्याचा, आणि दुसरे, "झाडाला कापूस का लागला?" असे धाकटीने विचारले तर त्याला धड उत्तर नाही.

कागदाशिवाय दुसरे साहित्य अंगणात व स्वयंपाकघरात पडलेलेच असते. भोपळ्याच्या ताज्या बिया सुईने सहज ओवल्या जातात. ओवून वाळविल्या की हस्तिदंतासारखी माळ होते. ज्वारीच्या वाळलेल्या ताटांतील पांढरा गाभा काढून, बाभळीच्या काट्यांनी टोचून, खेड्यांतील मुले बैलगाड्या करीत आली आहेत. त्याच गाभ्याच्या चांदण्या होतात. युरोपात गव्हाच्या काडाच्या चांदण्या करतात, त्यांच्याशी ह्यांचे रूप जुळते. ताटाची साल मात्र मोठ्यांनी सोलावी, कारण तिची धार बोट कापते. इगतपुरीकडे भाताचे पीक असते. तिकडून आलेल्या लोंब्यांची जुडी बांधून शेंड्यावर लावली तर सोन्याच्या तुऱ्याची आठवण होते. पिंपळाचे पान पाण्यात भिजत ठेवून, मधून मधून पाणी बदलीत, तीन-चार आठवड्यांनी त्याचा कुजलेला गर हळुवार धुऊन काढला म्हणजे शिरांची नाजूक जाळी उरते. ती दिव्यासमोर टांगली असता काचेच्या कोणत्याही गोळ्याने लाजावे. परंतु हे काम नोव्हेंबरातच आरंभावे लागते, आणि धीर शिकविणारे ह्यासारखे दुसरे काम नाही. एका वस्तूपासून मात्र दूर राहावे. गुंजा दिसावयास फार सुंदर, तांबड्या आणि काळ्या. पण त्यांच्या बीत जहाल विष असते. ओवण्यासाठी भोक पाडलेली गुंज लहान मुलाच्या हाती कधीही देऊ नये.

हे विचार केवळ घरगुती नाहीत. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि अनुताई वाघ ह्यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, काड्या हीच त्यांची साधने होती. पैशाने मिळणारी वस्तू मुलाला पाहुणी वाटते. अंगणातली वस्तू त्याची सोबतीण असते.

दहा वर्षांच्या शेजाऱ्याचे काम सर्वांत मोठे, ते ओसरीवरच्या चांदणीचे. दिवाळीत त्याच्या घरी कंदील झाला होता, त्यातील उरलेल्या कामट्या तो काखेत मारून घेऊन येतो. सारख्या लांबीच्या पाच कामट्या टोकांशी आणि एकमेकींना छेदतात तेथे दोऱ्याने आवळल्या की एक सपाट चांदणी होते. अशा दोन कराव्या, एकीवर एक ठेवून पाचही टोके बांधावी, आणि मधल्या पाच छेदांपाशी बोटभर लांबीच्या काड्या उभ्या खोचाव्या. त्याबरोबर दोन्ही चांदण्या पोटाशी फुगतात आणि दिव्याला जागा होते. कामट्या तासणे हे वडिलांचे काम, बांधणे शेजाऱ्याचे, कागद लावणे थोरलीचे, आणि टोकांना झिरमिळ्या चिकटविणे सर्वांचे. आत पणती किंवा मेणबत्ती न ठेवता विजेचा लहान, कमी उष्णतेचा दिवा ठेवावा. कागद आणि ज्योत ह्यांची मैत्री नसते. कोणाचा सण आणि कोणाची कामटी, हा प्रश्न त्या ओसरीवर कोणाला सुचतच नाही, कारण दोरा धरावयास सगळ्यांचीच बोटे लागतात.

येथपर्यंत सर्व सुरळीत असते. खरी अडचण ह्यानंतर येते, आणि ती मुलांची नसून मोठ्यांची असते.

तेवीस डिसेंबरच्या रात्री मुंबईहून मुलांची आत्या येते. प्रेमळ बाई, मुलांवर जीव आहे. येताना काचेच्या सोनेरी गोळ्यांची पेटी आणलेली असते. मुले झोपतात. आत्या झाडाकडे पाहते. साखळी एका बाजूस जास्त लोंबते आहे. सर्व आरास खालच्या तीन फांद्यांवर दाटली आहे, कारण धाकटीचा हात तेथवरच पोचतो. शेंड्याला धाकटीची पुठ्ठ्याची चांदणी आहे, तिचे एक टोक आखूड आणि एक दुमडलेले.

"आई, उद्या पाहुणे यायचे आहेत ना? हे असे कसे दिसेल?" आत्या म्हणते, आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागते. साखळी सारखी होते. गोळे पुढे येतात, बियांच्या माळा मागे जातात. पुठ्ठ्याची चांदणी उतरवून ती तिची टोके कात्रीने समान करते, वर बेगड चढवते, आणि पुन्हा लावते. झाड खरोखरच सुंदर दिसू लागते.

सकाळी धाकटी उठून झाडापुढे उभी राहते. बराच वेळ काही बोलत नाही. आत्या विचारते, "कशी झाली गं तुझी चांदणी?" त्यावर ती इतकेच म्हणते, "ही माझी नाही."

ती रडत नाही, रुसत नाही. मोठ्यांना वाटते, विसरली. परंतु दुपारी आजी तिच्यापुढे कागद आणि खळ ठेवते, तेव्हा ती हात मागे घेते आणि म्हणते, "तूच कर. तुझे चांगले होते."

ह्या शब्दांचा विचार प्रत्येक आईबापाने आणि प्रत्येक शिक्षकाने करावा. मूल उपजत असे बोलत नाही. काल संध्याकाळपर्यंत "मी करते, मी करते" म्हणून खळीचा वाडगा ओढून घेणारी तीच मुलगी एका रात्रीत हे शिकली. कोणी तिला रागावले नाही, कोणी हसले नाही. तिचे काम फक्त दुरुस्त करण्यात आले. पण त्या दुरुस्तीने तिला सांगितले की, तू केलेस ते पुरेसे नव्हते, आणि जे पुरेसे होते ते दुसऱ्याने, तू झोपली असताना केले. मुलांना टीका सोसते. टीका समोरून येते, तिला उत्तर देता येते. पाठीमागून झालेल्या सुधारणेला मात्र उत्तर नसते. पुढे हेच मूल शाळेत येते, चित्रकलेच्या तासाला कोरा कागद पुढे ठेवून बसते, आणि मास्तर म्हणतात की ह्याला आवड नाही. आवड नव्हती असे नाही. ती कोणी तरी नीटनेटकी करून टाकलेली असते.

मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षे येथेच राहून त्यांनी शेकडो शिक्षकांना शिकविले. अनावश्यक साहाय्य हे मुलाच्या वाढीला अडथळा होय, हे त्यांच्या शिकवणीतील एक मुख्य तत्त्व. ते सर्वांना मान्य असते, पण पाहुणे यावयाचे असले की विसरले जाते.

तर मग मोठ्यांनी काहीच करू नये काय? तसे नाही. खळ शिजविणे, कामटी तासणे, पट्ट्या कापणे, उंच फांदीपर्यंत मुलाला उचलून धरणे, ही सारी मोठ्यांचीच कामे. साहाय्य करावे ते काम होण्यापूर्वी. काम झाल्यावर करावयाचे ते साहाय्य नव्हे. काचेचे गोळे मुळीच आणू नयेत असेही नाही. ते आणावे, पण वरच्या फांद्यांवर लावावे. खालच्या फांद्या मुलांच्या म्हणून सोडाव्या. मुलाने एकाच फांदीवर सात वस्तू टांगल्या तर त्या फांदीला तितके प्रेम मिळाले असे समजावे. आणि पाहुण्यांचे म्हणाल, तर "हे कोणी केले?" असे विचारण्याची संधी त्यांना मिळते, ती सोनेरी गोळ्यांनी कधीच मिळाली नसती.

त्या घरातील आजी शहाणी होती, असे समजू या. तिने लेकीला उपदेश केला नाही. संध्याकाळी तिने खळीचा वाडगा लेकीपुढेच ठेवला आणि म्हटले, "तू कर पाहू एक साखळी." आत्याने पट्टी वळविली, टोके जोडली, आणि दहा न मोजताच हात काढला. सांधा सुटला. दुसऱ्यांदाही सुटला. धाकटी दाराशी उभी राहून पाहत होती. तिसऱ्यांदा तिला राहवेना. ती जवळ आली, आत्याची दोन बोटे आपल्या चिमुकल्या बोटांनी दाबून धरली, आणि मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, सहा, सात. पाच राहिले. आत्याच्या ओठांवर ते आले होते, पण ह्या वेळी तिने ते ओठांतच ठेवले. दहाला कडी पक्की झाली. मग धाकटीने नवी चांदणी केली. ती पहिलीहूनही वाकडी होती, आणि ती शेंड्याला लागली.

जानेवारीच्या सहा तारखेच्या सुमारास झाडाची आरास उतरवितात. त्या दिवशी मुलांनी केलेल्या वस्तू केरात टाकू नयेत. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने मुलाचे नाव व साल लिहावे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून त्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवाव्या, आणि पुढच्या वर्षी नव्यांच्या शेजारी लावाव्या. काही वर्षांनी त्या झाडावर एकाच हाताच्या पाच-सहा चांदण्या लागतील. पहिली फाडलेली, दुसरी दुमडलेली, तिसरी जरा सावरलेली, चौथी नेटकी. कोणी हात धरून सरळ केली नसली तरी चांदणी वर्षागणिक सरळ होत जाते, आणि ती आपल्या बळावर झालेली असते. शाळेच्या कोणत्याही प्रगतिपुस्तकात ही नोंद सापडणार नाही.

म्हणून ह्या नाताळात, आणि पुढच्या दिवाळीतही, ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी एक वाटी पिठाची खळ शिजवावी, रंगीत कागद पुढे ठेवावे, आणि मुले झोपल्यावर कात्री कुलपात ठेवून स्वतःही निजावे.